कूतचा हिवाळा

जालना जिल्ह्यांतील मुलांना रणभूमि म्हणजे काय हें पुस्तकांतच पाहावें लागतें असें नाहीं. आपल्याच जिल्ह्यांतील असई येथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसले व इंग्रज यांची घनघोर लढाई झाली. जालना शहरीं निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट नांवाच्या फौजेची छावणी होती. १९०३ सालीं ती फौज हिंदी सैन्यांत सामील झाली आणि तिच्याच घोडदळांतून निघालेली विसावी डेक्कन हॉर्स पुढें पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें लढली. शिपाईगिरी ही आपल्या भागास अशी परकी नाहीं. परंतु लढाई म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें निशाण, तलवार आणि जयघोष हीं उभीं राहतात. आज ज्या शिपायांची हकीकत सांगावयाची आहे, त्यांच्या वाट्यास जयघोष आला नाहीं. थंडी, चिखल, उपासमार व बंदिवास हीं आलीं. म्हणूनच त्यांची आठवण विशेष काळजीनें ठेवावी असें वाटतें.

१९१४ सालीं तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूनें युद्धांत उतरलें. इराणच्या आखाताजवळील खनिज तेल ब्रिटिशांच्या आरमारास हवें होतें; त्याच्या रक्षणासाठीं त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत हिंदुस्थानांतून पाठविलेलें सैन्य बसऱ्याजवळ उतरलें. हा देश म्हणजे तैग्रिस व युफ्रेटिस या नद्यांचा मेसोपोटेमिया, आजचा इराक. पवित्र शास्त्रांतील अब्राहामाचें ऊर, बाबेल आणि निनवे हीं स्थळें याच देशांतलीं. तेथें लढणाऱ्या मुख्य दलाचें नांव सहावी (पुणें) डिव्हिजन असें होतें आणि जनरल टाउनशेंड हे तिचे सेनापति होते. तिच्यांत १०३ वी, ११० वी व ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. कोंकणांतले, घाटमाथ्यावरचे व देशावरचे शेतकऱ्यांचे मुलगे या पलटणींत भरती होत असत. बाजरीचें वा नाचणीचें शेत सोडून ज्यानें कधीं तालुक्याचें गांव ओलांडलें नव्हतें, तो एकाएकीं बाबेलच्या भूमींत येऊन उभा राहिला.

आरंभीं एकामागून एक यश मिळत गेलें, आणि त्या यशानेंच सरकारास बगदादचा मोह पडला. २२ नोव्हेंबर १९१५ रोजीं बगदादच्या अलीकडे टेसिफन येथें मोठी लढाई झाली. तींत टाउनशेंडच्या सैन्यापैकीं साडेचार हजारांहून अधिक माणसें मेलीं किंवा जखमी झालीं. पुढें जाण्याचें बळ उरलें नाहीं. जखमींना स्प्रिंगा नसलेल्या खेचरगाड्यांत घालून सैन्य मागें फिरलें आणि ३ डिसेंबरला कूत येथें पोंचलें. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पुरा झाला.

कूत हें तैग्रिसच्या एका मोठ्या वांकणांत वसलेलें लहान गांव. तीन बाजूंना नदी. चौथ्या बाजूस खंदक व मातीच्या भिंतींचा एक किल्ला. आंत लढवय्ये, भिस्ती, डोलीवाले, खेचरवाले मिळून सुमारे पंधरा हजार माणसें आणि शिवाय सहा हजारांच्या आसपास अरब रहिवासी. या रहिवाशांना बाहेर घालवावें असा विचार निघाला होता. परंतु ऐन हिवाळ्यांत बायकामुलें वाळवंटांत मरतील, म्हणून तो सोडून देण्यांत आला. ही दया योग्यच होती; मात्र तिच्यामुळें खाणारीं तोंडें वाढलीं, हेंही खरें.

नाताळाच्या आदल्या दिवशीं, २४ डिसेंबरला, तुर्कांनीं त्या मातीच्या किल्ल्यावर तोफांचा भडिमार करून भिंतीला खिंडार पाडलें व आंत मुसंडी मारली. तेथें १०३ वी मराठा पलटण ऑक्सफर्डशायरच्या गोऱ्या पलटणीच्या जोडीनें लढत होती. हातबाँब व संगिनी यांची लढाई रात्रीं पुन्हां पेटली आणि शत्रूस परत हटावें लागलें. जगभर शांतीचीं गीतें गाइलीं जाण्याच्या रात्रीं त्या खिंडारांत दोन्ही बाजूंचे शेंकडों लोक पडले होते.

मेसोपोटेमिया म्हणजे नुसतें ऊन, अशी आपली समजूत असते. पण तेथील जानेवारीची रात्र आपल्या इकडील हुरड्याच्या दिवसांतल्या थंडीसारखी नसते. उत्तरेकडून बोचरा वारा येतो, पाऊस लागतो, आणि नदीच्या गाळाची ती जमीन गोंदासारखी पायाला चिकटते. जानेवारीच्या उत्तरार्धांत तैग्रिसला पूर आला तेव्हां कूतचे पुढचे खंदक पाण्यानें भरून गेले. एकमेकांवर नेम धरून बसलेले तुर्क आणि हिंदी शिपाई, दोघांनाही भिजत-कांकडत उघड्यावर यावें लागलें.

वेढा फोडण्यास खालून जनरल एल्मर यांचें सैन्य निघालें होतें. आपल्यापाशीं अन्न फार थोडे दिवस पुरेल असें टाउनशेंड यांनीं कळविलें होतें. म्हणून सर्व पलटणी, गाड्या, बोटी व औषधें येण्याची वाट न पाहतां हें सैन्य घाईनें पुढें लोटण्यांत आलें. पुढें कूतमध्यें घरोघर झडती घेतली तेव्हां लपविलेल्या धान्याचे सांठे सांपडले आणि अन्न एप्रिल अखेरपर्यंत पुरलें. हिशेब आधींच नीट झाला असता तर ती घाई करावी लागली नसती. जानेवारीच्या पहिल्याच पंधरवड्यांत शेख साद येथें सुमारें चार हजार व वादी येथें सुमारें सोळाशें माणसें जायबंदी झालीं अथवा पडलीं. २१ जानेवारीला हन्ना येथें, एका बाजूस नदी व दुसऱ्या बाजूस दलदल अशा अरुंद जागीं, समोरून हल्ला झाला आणि सुमारें सत्तावीसशें माणसें कामास आलीं. त्या रात्रीं पाऊस कोसळत होता. जखमी चिखलांत पडून राहिले, आणि गोळीनें न मेलेले कित्येक थंडीनें मेले. दुसऱ्या दिवशीं तात्पुरता तह करून दोन्ही पक्षांनीं आपआपलीं माणसें उचललीं. शुश्रूषेची व्यवस्था इतकी अपुरी होती कीं पुढें पार्लमेंटनें चौकशी मंडळ नेमलें व त्याचा कडक अहवाल १९१७ सालीं प्रसिद्ध झाला.

इकडे कूतमध्यें भुकेशीं लढाई चालली होती. जव होते पण दळण्यास जातीं पुरेना, म्हणून जात्यांचे दगड विमानांतून खालीं टाकण्यांत आले. भाजीचें बींही टाकण्यांत आलें. घोडे व खेचरें मारून मांस वाटूं लागले, परंतु बहुतेक हिंदी शिपायांनीं तें नाकारलें. त्यांत हट्ट नव्हता. गांवीं परत गेल्यावर पंगतींत कोण घेईल, मुलीला स्थळ कोण देईल, ही भीति होती. आणि त्याहून अधिक म्हणजे आपलें व्रत आपण मोडावें काय, हा मनाचा प्रश्न होता. हिंदुस्थानांतील धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा तारेनें मागविण्यांत आली, तरी कित्येकांनीं एप्रिलपर्यंत दम धरला. ताजी भाजी नाहीं, मांस नाहीं, म्हणून स्कर्व्ही रोगानें हिरड्या सुजल्या, पायांत बळ राहिलें नाहीं. शेवटीं दिवसाचा शिधा चार-पांच औंस पिठावर, म्हणजे जेमतेम दोन भाकरींवर आला. तशा अंगानें ते रात्रीं थंडींत पहाऱ्यावर उभे राहत.

त्यांच्या सुटकेच्या प्रयत्नांत तेवीस हजारांच्या आसपास माणसें जखमी झालीं किंवा मेलीं. तरी वेढा फुटला नाहीं. २९ एप्रिल १९१६ रोजीं, १४७ दिवसांनीं, कूत शरण गेलें. कैद झालेल्या सुमारें तेरा हजारांत दहा हजारांच्या जवळपास हिंदी होते. ज्या अरब रहिवाशांनीं वेढा सोसला होता, त्यांतील कांहींना तुर्कांनीं फांशीं दिलें. टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या एका बेटावर सुखानें ठेवण्यांत आलें. त्यांच्या शिपायांना मात्र समर्‌ऱ्यापासून मोसूल व रास अल-ऐनच्या दिशेनें उन्हांतून पायीं चालविलें आणि पुढें रेल्वेच्या कामास जुंपलें. वाटेंत व छावण्यांत अडीच-तीन हजार हिंदी माणसें नाहींशीं झालीं.

या दुःखाच्या वाटेवरील एक नांव लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कैदी सेनाधिकारी जनरल मेलिस यांना मागाहून त्याच मार्गानें नेत होते. वाटेंत टाकून दिलेले मरणोन्मुख शिपाई, गोरे व हिंदी, त्यांनीं दृष्टीस पडतील तसे उचलविले, त्यांची सोय लावली, आणि तुर्की अधिकाऱ्यांशीं त्यांच्यासाठीं सारखे भांडत राहिले. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण शास्त्राच्या तासाला ऐकतों; ती प्रत्यक्ष आचरणारा मनुष्य स्वतः बंदिवान होता, हें ध्यानीं घ्यावें.

येथें विचारी विद्यार्थी विचारील, ‘हें युद्ध आपलें होतें काय?’ प्रश्न रास्त आहे. तें साम्राज्याचें युद्ध होतें, आणि तें पुकारतांना या शिपायांचें मत कोणीं विचारलें नव्हतें. कोणी पगारासाठीं, कोणी बापजाद्यांच्या चालीप्रमाणें, कोणी दुष्काळामुळें पलटणींत गेला होता. युद्धाचा हेतु वंदनीय नसेल; तरी सोबत्याला न सोडणें, पहारा न टाकणें, उपाशी पोटीं शिस्त राखणें हे गुण वंदनीयच राहतात. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असूं शकतात, आणि इतिहास वाचावयाचा तो त्या दोन्ही मनांत धरून वाचावयाचा.

स्मारकाच्या बाबतींतही अन्याय झाला. १९२९ सालीं बसऱ्यास उभारलेलें स्मारक, ज्यांच्या कबरी ठाऊक नाहींत अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांचें आहे. त्यावर गोऱ्या शिपायाचें नांव कोरलेलें आहे. हिंदी अधिकाऱ्याचेंही आहे. पण साध्या हिंदी शिपायाच्या ठिकाणीं पलटणीचें नांव व नुसता आंकडा आहे. तें स्मारक १९९७ सालीं शहराबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर हलविण्यांत आलें. युद्धसमाधींची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल मंडळानें २०२१ सालीं हा भेदभाव कबूल करून क्षमा मागितली. शंभर वर्षांनंतर आलेली ती क्षमा ऐकण्यास त्या शिपायांची आई वा पत्नी अर्थातच राहिली नव्हती.

मग आपण काय करावें? दिल्लीच्या इंडिया गेटवर हजारों नांवें कोरलेलीं आहेत. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे गांवीं त्या युद्धांत पडलेल्या ४६ जणांचा स्तंभ आहे. महाराष्ट्रांतील कित्येक गांवांत ‘या गांवांतून इतके गेले, इतके परत आले नाहींत’ असें सांगणाऱ्या शिळा भिंतींत बसविलेल्या आहेत. सुट्टींत आजोळीं जाल तेव्हां चावडीची वा देवळाची भिंत पाहा. घरांतील वडीलधाऱ्यांना विचारा कीं आपल्या कुळांतील कोणी पलटणींत होता काय. एखादें पदक, पेन्शनचा कागद, पिवळा पडलेला फोटो निघाला तर त्यामागील नांव, गांव व पलटण स्वच्छ अक्षरांत वहींत उतरून ठेवा. पालकांनाही विनंति आहे कीं असले कागद रद्दींत जाऊं देऊं नयेत.

दगडावर ज्याच्या वाट्यास आंकडा आला, त्याला त्याचें नांव परत मिळवून देणें हें काम फार मोठें नाहीं. तें शाळेंतल्या मुलालाही करतां येतें. आणि तें करतांना कूतच्या त्या थंड रात्रीं दोन भाकरींवर पहारा देणारा मनुष्य आपल्यासारखाच कोणाचा तरी मुलगा होता, एवढें जरी मनांत राहिलें तरी हा पाठ व्यर्थ गेला नाहीं असें म्हणतां येईल.