दांडा हाताचंही ऐकतो आणि तोलाचंही

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, म्हणजे अलाबामा, मिसिसिपी, आर्कान्सा, लुइझियाना या पट्ट्यात, जुनी मासेमारीची बोट शोधायला निघालात की कधी ना कधी चाक नसलेली बोट समोर येते. चालवणाऱ्याच्या सीटला लागून, डाव्या काठावर एक उभा दांडा असतो आणि उजव्या हाताशी गिअर व थ्रॉटल. दांडा पुढेमागे केला की केबल मागच्या आऊटबोर्ड इंजिनाला वळवते. याला इथे स्टिक स्टिअरिंग म्हणतात. विकणारा हमखास सांगतो, "एकदा हात बसला की चाक नको वाटेल." त्याचं म्हणणं खरं असतं, पण ते अर्धंच असतं. उरलेलं अर्धं मला गंटर्सव्हिल तलावाने शिकवलं.

आम्ही हंट्सव्हिलला राहतो. तिथून तासाभरावर टेनेसी नदीवरचा हा तलाव आहे. १९३९ साली धरण पूर्ण झालं आणि नदीचा सुमारे १२० किलोमीटरचा पट्टा तुंबून तलाव झाला. बास आणि क्रॅपी या माशांसाठी लोक लांबून इथे येतात. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे पाण्याची भीती नव्हती. आम्ही घेतलेली बोट सोळा फुटी, अ‍ॅल्युमिनियमची, सपाट तळाची होती. शेजारी शेजारी दोन सीटं, चाळीस अश्वशक्तीचं इंजिन आणि दांडा. इथल्या मराठी मंडळातल्या ओळखीच्या कुटुंबांतून हल्ली विचारणा होते, "अशीच बोट मिळतेय, घ्यावी का?" प्रत्येकाला फोनवर सगळं सांगणं होत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी गुणांबद्दल

दांड्याचा पहिला फायदा जागेचा. चाक म्हटलं की त्यासाठी कन्सोल आला, आणि सोळा फुटांच्या बोटीत कन्सोल बराच मोठा भाग खातो. तो नसला की तळ मोकळा राहतो. बर्फाची पेटी, जाळी, गळांची खोकी, सगळं ऐसपैस मावतं आणि मासा लागल्यावर अडखळायला मध्ये काही येत नाही.

दुसरा फायदा वजनाचा. कोकणातल्या फायबरच्या छोट्या होड्यांत इंजिनाचाच दांडा धरून मागे बसतात, तशाच बोटी इथेही आहेत. त्यात इंजिन, टाकी आणि माणूस, तिघंही मागे. एकटं निघालं तर नाळ वर उचलली जाते आणि समोरचं दिसत नाही. स्टिक असली की माणूस पुढे बसतो, बोट समतोल राहते आणि पाण्यावर लवकर उचलून धरते. उथळ खाडीत बुडालेले झाडांचे बुंधे आधी दिसतात. गंटर्सव्हिलला ही सोय फार मोलाची आहे.

तिसरा फायदा चपळाईचा. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायला साधारण तीन-चार फेरे लागतात. दांड्याचं तेच काम एका झोक्यात होतं. मंद वेगात, झाडोऱ्यातून वाट काढताना याच्याइतकं सुखाचं दुसरं काही नाही. शिवाय सुटे भाग थोडे, खर्च कमी, दुरुस्ती घरच्या घरी. १९६०च्या दशकातल्या कितीतरी बास बोटींना दांडाच असायचा, तो याच कारणांनी.

मग अडचण कुठे?

चपळाई हा मंद वेगातला गुण. वेग वाढला की तोच अंगावर येतो.

एका मार्चमध्ये आम्ही तलावाच्या टाउन क्रीक या फाट्यातून मुख्य पात्रात निघालो होतो. वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास. मी चालवत होते, नवरा शेजारच्या सीटवर. थोड्या वेळापूर्वी एक मोठी बोट पुढून गेली होती आणि तिच्या लाटा तिरप्या येत होत्या. पहिल्या लाटेने नाळ उचलली आणि मी मागे कलंडले. हातात दांडा होता, तोही माझ्याबरोबर मागे आला. आमच्या बोटीत दांडा मागे ओढला की बोट उजवीकडे वळते. ती वळली, आणि वळणाने मला डावीकडे, बाहेरच्या बाजूला फेकलं. हात अजून दांड्यावर, म्हणजे ओढ आणखी वाढली, म्हणजे वळण आणखी आवळलं. सपाट तळ आधी पाण्यावरून आडवा घसरला, मग काठाने पाणी पकडलं आणि बोटीला हिसका बसला. मी डाव्या काठावरून थेट पाण्यात.

लाइफ जॅकेट अंगावर होतं आणि इंजिन बंद करणारी लाल दोरी त्यालाच अडकवलेली होती. दोरी उपटली गेली, इंजिन जागीच थांबलं. ते थांबलं नसतं तर काय झालं असतं, यासाठी इथल्या पट्टीच्या कोळ्यांकडे एक शब्द आहे: मृत्यूचं वर्तुळ. रिकामं किंवा मोकळं सुटलेलं स्टिअरिंग इंजिनाच्या ओढीने एका बाजूला जाऊन अडकतं आणि बोट गोल गोल फिरत पडलेल्या माणसावरच परत येते, पंखा फिरत असताना.

माझ्या बाबतीत बरगडीला मुका मार आणि हाडं गोठवणाऱ्या पाण्यात काही मिनिटं, इतक्यावर निभावलं. पण त्यानंतर मी या दांड्याकडे अभियंत्याच्या नजरेने पाहायला लागले.

एसटीत उभं असताना ब्रेक लागला की हात आपोआप वरची दांडी घट्ट धरतो. शरीराची ती जुनी सवय आहे: तोल गेला की जे हातात आहे ते ओढायचं. स्टिकच्या बोटीत मात्र हातातला दांडा हाच हुकूम असतो. वळायचं म्हणून ओढलं की पडताना ओढलं, हा फरक त्याला कळत नाही. चाक गोल असतं. मागे पडताना दोन्ही हातांनी ते ओढलं तरी फिरत नाही, उलट धरायला आधार देतं. दांड्याचा सगळा धोका या एका गोष्टीत साठलेला आहे, आणि सगळी काळजीही तिथूनच निघते.

त्यात भर इंजिनाच्या ओढीची. पंखा एकाच दिशेने फिरतो, म्हणून आऊटबोर्ड सतत एका बाजूला वळू पाहतो. हल्लीच्या बऱ्याच चाकांच्या यंत्रणेत ही ओढ आतल्या आत अडवलेली असते. हात काढला तरी चाक जागचं हलत नाही. बहुतेक दांड्यांत अशी सोय नसते. तिथे तुमचा दंड हाच ब्रेक.

घेण्याआधी काय पाहावं

बोटीवरची क्षमतेची पाटी वाचा. अमेरिकेत वीस फुटांखालच्या साध्या मोटरबोटींना ती बंधनकारक आहे. किती अश्वशक्ती चालेल याचं गणित बोटीची लांबी आणि मागच्या फळीची रुंदी यांच्या गुणाकारावर बसतं, पण स्टिअरिंग कोणतं यानेही आकडा बदलतो. उदाहरण घ्या: सोळा फूट लांब, मागे पाच फूट रुंद, म्हणजे गुणाकार ८०. दुरून चालणारं स्टिअरिंग आणि किमान वीस इंच उंच फळी असेल तर नियमाने ७० अश्वशक्तीपर्यंत जाता येतं. तीच बोट सपाट तळाची आणि इंजिनाचाच दांडा धरून चालवायची असेल तर २५. फरक केवढा आहे पाहा. आपला दांडा दुरून चालतो खरा, पण इंजिनाची ओढ तो जशीच्या तशी हातापर्यंत आणतो. म्हणून माझा सल्ला असा की मन लहान आकड्याजवळ ठेवा. सोळा फुटी सपाट बोटीला २५ अश्वशक्ती भरपूर झाली. पन्नासच्या वर जायचं असेल तर सरळ चाक बसवून घ्या. काही बास स्पर्धांच्या नियमांत दांड्याच्या बोटीला प्रवेशच नसतो, तो उगाच नाही.

मग केबल. इंजिन बंद ठेवून दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलवा. तो जड चालत असेल किंवा मध्येच अडत असेल तर आतलं ग्रीस वाळलेलं असतं. दांडा हलतो पण इंजिन थोडं उशिरा हलतं, असं असेल तर कुठेतरी झिजलेलं आहे. बाहेरचं आवरण फुटलेलं, टोकाशी फुगलेलं किंवा गंजलेलं दिसलं तर केबलची डागडुजी करू नका, नवीच टाका. फार जुन्या बोटींत तारेचा दोर आणि कप्प्या असतात. त्या दोराचे तंतू सुटायला लागले असतील तर पाण्यावर नेऊन बघण्याचाही मोह नको. ग्रीस भरताना केबलचा गज नळीत पूर्ण आत घेऊन मगच भरा, नाहीतर ग्रीसचाच बूच बसून सगळं जाम होतं.

दांडा काठाला कसा बसवला आहे तेही बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला नुसते रिव्हेट मारलेले असतील तर ते सैल होतात. आतून जाड पट्टी आणि आरपार बोल्ट हवेत.

बोट एका बाजूला फार ओढत असेल तर इंजिनावर, पंख्याच्या वरच्या बाजूला, एक छोटं पातं असतं ते तपासा. बोट ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला पात्याची मागची कड किंचित वळवायची. थोडं वळवा, पाण्यावर जाऊन बघा, मग पुन्हा. इंजिनाचा कल बदलला की ओढही बदलते, हे ध्यानात ठेवून नेहमीच्या वेगाला आणि नेहमीच्या कलालाच ते जमवा.

चालवताना

कोणत्याही परक्या बोटीत बसलात की आधी विचारा: पुढे ढकललं तर कुठे वळते? आमच्या बोटीत डावीकडे, ओळखीच्या दुसऱ्या बोटीत नेमकं उलट. जोडणी दोन्ही प्रकारे करता येते. सुकाणू उलटं ढकलायचं हे कोकणात पाहत मोठं झालेल्यांचीही इथे फसगत होते.

लाट पार करायची ती वेग उतरवून. उजवा हात थ्रॉटलवर असतोच. लाट येण्याआधी तो मागे घ्यायचा, लाटेवर चढल्यावर नाही. पाय तळाला टेकलेले, पाठ सीटला आणि डाव्या हाताचा कोपर मांडीला किंवा काठाला टेकलेला. मोकळा हात शरीराबरोबर झुलतो, टेकलेला झुलत नाही. उभं राहून चालवणं किंवा उंच खांबाच्या सीटवर बसून वेगात जाणं अजिबात नको. दांड्याच्या आसपास पिशवी, दोरी, कुत्रा, लहान मूल, काही नको. वेग असताना सीट बदलायची नाही आणि दांडा सोडून मागे वळून बोलायचं नाही.

लाल दोरीबद्दल तडजोड नाही. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या आणि ३ किंवा त्याहून जास्त अश्वशक्तीच्या उघड्या बोटींवर वेगात असताना ती जोडून ठेवणं संघराज्याच्या जलमार्गांवर कायद्यानेच आवश्यक आहे. कायदा येण्याच्या कितीतरी आधी बास स्पर्धांचे प्रवर्तक रे स्कॉट यांनी आपल्या स्पर्धांत ही दोरी आणि लाइफ जॅकेट सक्तीची केली होती. निघण्याआधी एकदा दोरी ओढून इंजिन खरंच बंद पडतं का ते बघा. जुन्या बोटीत हे बटण मेलेलं असू शकतं.

आणि एक सुटी क्लिप बोटीतच लटकवून ठेवा. मी पाण्यात पडले तेव्हा दोरी आणि तिची क्लिप माझ्याबरोबर गेली होती. क्लिपशिवाय इंजिन सुरू होत नाही. बोट विकणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी थ्रॉटलजवळ एक जास्तीची क्लिप बांधून दिली होती, म्हणून नवऱ्याला इंजिन सुरू करता आलं. तो वाऱ्याकडे तोंड करून हळू आला, जवळ येताच इंजिन बंद केलं आणि मगच मला मागच्या शिडीवरून वर घेतलं. शिडी नसेल तर दोराचा एक फास मागे बांधून ठेवा. भिजलेल्या कपड्यांत नुसत्या हातांच्या जोरावर वर चढता येत नाही. शेजारी बसणाऱ्याला हे सगळं किनाऱ्यावर असतानाच करून दाखवा.

लाइफ जॅकेटबद्दल एवढंच सांगते की अमेरिकेत बोटींच्या अपघातांत जे बुडतात, त्यांतल्या पाचांपैकी चारांहून अधिक जणांच्या अंगावर ते नसतं. सीटखाली ठेवलेलं जॅकेट पडताना घालता येत नाही.

कोकणातल्या खाडीत किंवा धरणाच्या पाण्यात आऊटबोर्डची होडी चालवणाऱ्यांनाही हे लागू आहे. तिथेही इंजिनाला लाल दोरी येते आणि बऱ्याचदा ती इंजिनालाच गुंडाळलेली राहते. मनगटाला अडकवायला क्षणभरही लागत नाही.

तर मग घ्यावी का?

शांत पाणी, उथळ खाड्या, लहान इंजिन, दोनच माणसं आणि मासे हाच हेतू असेल तर जरूर घ्या. आम्ही आमची ठेवली आहे, फक्त इंजिन लहान केलं. मुलांना फिरवायचं असेल, मोठ्या बोटींच्या वाटेवरून रोज जायचं असेल, वेगाची हौस असेल किंवा खांदा-मनगट कमजोर असेल तर चाकाची बोट बघा, थोडी महाग पडली तरी.

सौदा करण्याआधी मालकाला पाण्यावर चला म्हणा. मोकळ्या, शांत पाण्यात, दोघांनीही जॅकेट घालून आणि दोरी जोडून, बोट चालण्याच्या वेगाला आणा आणि दांड्यावरची पकड क्षणभर सैल करा. मग वेग थोडा वाढवून हात दांड्याजवळ ठेवूनच पुन्हा तेच करा. बोट सरळ राहते, हळूहळू कलते, की झपकन वळते? तुम्ही हात सोडल्यावर ती काय करते हे पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका. मालक असं करून बघू देत नसेल तर दुसरी बोट शोधा.