गोठलेल्या पडद्याची चिकित्सा

गेल्या पावसाळ्यांत एके सकाळीं हुपरीचे एक पालक आपल्या मुलासह एस्. टी.नें कोल्हापुरास आले, ते संगणकाची पेटी गोणपाटांत गुंडाळून घेऊनच. घरचा धंदा चांदीकामाचा. पैंजणांचे व करदोड्यांचे नमुने ते ब्लेंडर नांवाच्या आज्ञावलीवर काढीत. दोन वर्षांचे नमुने त्या पेटींत होते व त्यांची दुसरी प्रत कोठेंच नव्हती. आदल्या रात्रीं मुलानें लिनक्स ही कार्यप्रणाली अद्ययावत् केली, यंत्र बंद करून पुन्हां चालू केलें, आणि पैंजणाचें चित्र उघडतांच पडदा गोठला. बाण हालेना, कळा दाबून उपयोग होईना. एका दुरुस्तीवाल्यानें 'सगळें पुसून नव्यानें भरावें लागेल' असा निकाल दिला होता. लिनक्स वापरा, असा आग्रह वर्गांत आम्हींच धरला होता. तेव्हां ही जबाबदारी आमच्याही अंगावर होती.

येथें पालकांसाठीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे. कर्नेल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. स्मृति, तबकडी, कळफलक, पडदा या सर्वांचा कारभार त्याच्या हातीं असतो. परंतु प्रत्येक यंत्रभागाची बोली निराळी; ती गाभ्यास समजावून देणारा जो दुभाष्या, त्यास ड्रायव्हर म्हणतात. गाडी हांकणाऱ्याशीं त्याचा संबंध नाहीं. चित्रें रेखाटणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा दुभाष्या हा सर्वांत अवघड, कारण सेकंदास साठ वेळां पडदा नव्यानें रंगविण्याचें काम त्याच्या मध्यस्थीनें चालतें.

लिनक्सचा गाभा हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं प्रथम लोकांपुढें ठेवला. तेव्हांपासून त्याची अंतर्गत रचना सारखी बदलत आली आहे. जे दुभाषे गाभ्याबरोबरच लिहिले व वांटले जातात, ते त्याच्याबरोबर बदलतात. परंतु बदलतांना कधीं त्यांच्यांतच नवी चूक शिरते. जे गाभ्याबाहेर राहतात, त्यांस दर नव्या गाभ्यासाठीं पुन्हां घडवावें लागतें. एन्व्हिडिया कंपनीचा ड्रायव्हर हें या दुसऱ्या प्रकाराचें प्रसिद्ध उदाहरण. त्याची मूळ संहिता पुष्कळ वर्षें बंद होती. २०१२ सालीं फिनलंडांतील एका सभेंत टोरवाल्ड्स यांनीं त्याबद्दल कंपनीस उद्देशून जे शब्द वापरले, ते या अंकांत छापण्याजोगे नाहींत. मे २०२२ मध्यें कंपनीनें गाभ्याशीं बोलणारा भाग खुला केला. असे बाहेरचे दुभाषे आपोआप नव्यानें घडविण्याचें काम डीकेएमएस नांवाची योजना करते. मात्र तिला नव्या गाभ्याचीं हेडर म्हणून जीं पुस्तकें असतात तीं हाताशीं लागतात. तीं नसलीं म्हणजे घडण अपुरी राहते, आणि घाईंत असलेल्या माणसाच्या तें लक्षांतही येत नाहीं.

आतां हुपरीच्या यंत्राकडे वळूं. पहिला प्रश्न हा कीं, यंत्र गोठलें आहे कीं केवळ पडदा? कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा लागतो-विझतो काय तें पाहावें. लागला तर गाभा जिवंत आहे. न लागला तरी लगेच सुतक धरूं नये, कारण पडदा मांडणारी आज्ञावली अडली असेल तर दिवाही अडतो. आमच्यापुढें दिवा लागेना. मग त्याच जाळ्यांतील शेजारच्या यंत्रावरून पिंग करून हांक मारली, तों क्षणांत उत्तर आलें! वडिलांच्या चेहऱ्यावर त्या दिवशीं प्रथमच थोडें पाणी आलें.

गाभा जागा आहे असें कळल्यावर एकदम वीज तोडणें बरें नव्हे. ऑल्ट व प्रिंट-स्क्रीन या कळा धरून ठेवून एस्, यू व बी हीं अक्षरें दोन-दोन सेकंदांच्या अंतरानें दाबावीं. एस्-नें स्मृतींतील मजकूर तबकडीवर उतरतो, यू-नें तबकडी केवळ वाचनापुरती उघडी राहते, बी-नें यंत्र नव्यानें सुरू होतें. कांहीं प्रणालींत ही सोय बंद असते; येथें ती चालू होती.

यंत्र सुरू होतांना मुलास एस्केप कळ दाबावयास सांगितलें. (जुन्या यंत्रांत शिफ्ट धरावी लागते.) ग्रब नांवाची यादी आली. तींत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' या नांवाखालीं नव्या गाभ्याच्या जोडीस आधींचा गाभाही होता. उबंटूसारख्या प्रणाली तो जाणूनबुजून राखून ठेवतात, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. जुना निवडला. चित्र उघडलें, फिरविलें. पडदा गोठला नाहीं. दुसरें कांहींही करण्यापूर्वीं सर्व नमुने वेगळ्या तबकडीवर उतरवून घेतले.

जुन्या गाभ्यावरही पडदा गोठता, तर उष्णता, धूळ, स्मृतीची पट्टी, वीजपुरवठा यांकडे पाहावें लागलें असतें. येथें तें कारण उरलें नाहीं. मग जर्नलसीटीएल या आदेशानें मागील वेळच्या गाभ्याची रोजनिशी वाचली. कार्डास दिलेलें काम ठरल्या वेळांत परत आलें नाहीं व कार्ड सांवरण्याचा प्रयत्नही फसला, अशा दोन ओळी गोठण्याच्या नेमक्या मिनिटास होत्या. हा दुभाष्या गाभ्याबरोबरचाच. म्हणजे चूक नव्या आवृत्तींत शिरलेली. बाहेरचा असता, तर 'डीकेएमएस स्टेटस' हा आदेश देऊन घडण झाली काय तें पाहिलें असतें, हेडर घातलीं असतीं, आणि सिक्युअर बूट चालू असल्यास दुभाष्यावर सही आहे काय हेंही तपासलें असतें. सहीवांचून त्यास आंत प्रवेश नाहीं. जेथें पडदा मुळींच उघडत नाहीं, तेथें ग्रबमध्यें ई कळ दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटीं 'नोमोडसेट' हा शब्द जोडल्यास साधें चित्र तरी मिळतें. तो उपाय तात्पुरता समजावा.

पुसून टाकण्याचा सल्ला इतका रूढ कां झाला असावा, याचें आम्हांस नवल वाटतें. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष फाइलीनें विंडोजचीं सुमारें ८५ लाख यंत्रें बंद पडलीं. आपल्या देशांत विमानाचे बोर्डिंग पास हातानें लिहून द्यावे लागले. तेथेंही ड्रायव्हर गाभ्याच्या पातळीवरचाच होता, आणि उपाय सांगितला गेला तो सेफ मोडमध्यें जाऊन ती एक फाइल काढण्याचा.

मुलानें रोजनिशींतील त्या ओळी, कार्डाचें नांव व दोन्ही गाभ्यांचे क्रमांक लिहून दोषाची सूचना पाठविली. इंग्रजी पत्र आम्हीं दोनदां तपासून दिलें. तोंपर्यंत घरचें काम जुन्या गाभ्यावर चाललें. तिसऱ्या आठवड्यांत पुढील गाभा आला. त्यानें तो घातला, पैंजणाचें चित्र अर्धा तास फिरवून पाहिलें, आणि जुना गाभा मात्र जागचा हलविला नाहीं.