मुलं आत आली, मास्तर बाहेर राहिले

(भाऊकाका वाईजवळच्या जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्यांची पुतणी मृणाल न्यू जर्सीतल्या एका सरकारी शाळेत गणित शिकवते. काका उन्हाळ्यापुरते तिच्याकडे एडिसनला आले आहेत.)

काका : तुझ्या शाळेचे फोटो बघितले. वर्गात जवळजवळ सगळी मुलं कृष्णवर्णीय, उरलेली लॅटिन. आणि इथं मी सकाळी ज्या शाळेवरून फिरायला जातो तिथं आपली मुलं, चिनी मुलं, थोडी गोरी. मला वाटत होतं, वेगवेगळ्या शाळांचं प्रकरण अमेरिकेत १९५४ सालीच मिटलं.

मृणाल : कागदावर मिटलं. ब्राउन खटल्यात सुप्रीम कोर्टानं एकमतानं निकाल दिला. न्यू जर्सीत तर त्याच्याही दहा वर्षं आधी मिटलं होतं. ट्रेंटनमधल्या ग्लॅडिस हेजपेथ आणि बर्लिन विल्यम्स या दोन आयांना सांगण्यात आलं, की घराजवळची शाळा तुमच्या मुलांसाठी नाही, त्यांना लांबच्या लिंकन शाळेत पाठवा. दोघी कोर्टात गेल्या आणि १९४४ मध्ये जिंकल्या. १९४७ च्या राज्यघटनेत तर स्पष्टच लिहिलंय, की वर्णावरून किंवा धर्मावरून सरकारी शाळेत कुणाला वेगळं काढता येणार नाही.

काका : मग तुझी शाळा अशी का?

मृणाल : वेगळं काढायला आता दारावर पाटी लावावी लागत नाही. गावाची हद्द पुरते. एवढ्याशा राज्यात जवळपास सहाशे शालेय जिल्हे आहेत. तुमच्या सातारा जिल्ह्यासारखे मोठे नव्हेत हं, बहुतेकदा एकेका गावाचा एकेक. मूल जिथं राहतं तिथल्याच शाळेत जातं. आणि कोण कुठं राहणार, हे १९३० च्या दशकापासून कर्जांनी ठरवलं. केंद्र सरकारच्या एका संस्थेनं शहरांचे नकाशे रंगवले, कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात दाखवल्या. लाल म्हणजे कर्ज बुडणार. दुसऱ्या महायुद्धानंतर गोरी कुटुंबं सरकारी हमीचं कर्ज घेऊन उपनगरांत गेली. कृष्णवर्णीयांना पगार असूनही ते कर्ज मिळेना, आणि मिळालं तरी घर विकायला कुणी तयार होईना.

काका : पण घराचा आणि शाळेच्या पैशाचा काय संबंध? आमच्याकडे मास्तरांचा पगार राज्य सरकार देतं. गाव बागायती असो नाहीतर डोंगरातलं.

मृणाल : इथं तोच तर संबंध आहे. देशभरात शाळांचा जवळपास निम्मा पैसा स्थानिक असतो आणि त्यातला बहुतेक घरपट्टीतून येतो. घरं महाग, तर शाळा श्रीमंत. टेक्ससच्या पालकांनी याला आव्हान दिलं, पण १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की शिक्षण हा केंद्रीय घटनेतला मूलभूत हक्क नाही. तेव्हापासून हे भांडण राज्यांच्या कोर्टांत लढलं जातं. न्यू जर्सीत ते सगळ्यात नेटानं लढलं गेलं. कॅम्डेन, ईस्ट ऑरेंज, अर्व्हिंग्टन आणि जर्सी सिटी इथल्या मुलांच्या वतीनं १९८१ मध्ये अ‍ॅबट खटला दाखल झाला. १९९० मध्ये कोर्टानं राज्याला बजावलं, की गरीब शहरांतल्या मुलांवर श्रीमंत उपनगरांइतकाच खर्च करा. पुढे अशा जिल्ह्यांची संख्या ३१ झाली. १९९८ मध्ये त्यात तीन-चार वर्षांच्या मुलांची बालवाडी आली. वर्गात जास्तीत जास्त पंधरा मुलं, प्रशिक्षित शिक्षिका आणि जोडीला मदतनीस.

काका : पंधरा! आमच्या अंगणवाडीताईंना सांगितलं तर त्या इथं यायला निघतील. पण पैसा ओतून काय होतं? इमारती रंगतात, फळे बदलतात.

मृणाल : कुठं ओतला त्यावर आहे. तीन अर्थतज्ज्ञांचा २०१६ चा अभ्यास आहे. कोर्टाच्या आदेशांमुळे ज्या जिल्ह्यांचा खर्च वाढला तिथली मुलं त्यांनी मोठी होईपर्यंत पाहिली. शाळेच्या बाराही वर्षांत दरडोई खर्च दहा टक्क्यांनी जास्त राहिला, तर गरीब घरच्या मुलांची पुढची कमाई साडेनऊ टक्क्यांच्या आसपास वाढलेली दिसली. शिक्षकांचे पगार वाढले, वर्ग लहान झाले, शाळेचं वर्ष लांबलं. रंगाच्या डब्यांनी हे होत नाही. पण पैशानं हद्द पुसली जात नाही. अ‍ॅबटच्या शाळांना पैसा आला, तरी मुलं होती तिथंच राहिली.

काका : हद्दच पुसायची की. दोन गावांची एक शाळा करायची.

मृणाल : डेट्रॉइटमध्ये तेच करायचं ठरलं होतं, शहर आणि ५३ उपनगरी जिल्हे मिळून. १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते पाच विरुद्ध चार मतांनी मोडलं. उपनगरांनी काही गुन्हा केल्याचं सिद्ध झालेलं नाही, मग त्यांना यात का ओढायचं, असं म्हणाले. ब्राउन खटला लढलेले थर्गुड मार्शल तोवर त्याच कोर्टात न्यायाधीश झाले होते आणि विरोधात मत देणाऱ्या चौघांत होते. माझ्या मते, ब्राउनचा निकाल उत्तरेकडच्या शहरांपुरता तरी त्या दिवशी संपला. पण आपल्या राज्यात एक अपवाद आहे. इथून तासाभरावर मॉरिसटाउन आहे. त्याच्याभोवती मॉरिस टाउनशिप. नकाशावर बघा, अगदी मेदूवडा. मधल्या भोकात कृष्णवर्णीय वस्ती असलेलं शहर, भोवतालच्या कड्यात गोरी आणि पैसेवाली टाउनशिप. टाउनशिपला आपलं वेगळं हायस्कूल बांधायचं होतं. १९७१ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की शाळांत वर्णानुसार फाटाफूट होत असेल तर राज्याचे शिक्षण आयुक्त दोन्ही जिल्हे एक करू शकतात. आणि केले. आजही तिथं एकच जिल्हा आहे, मिश्र शाळांचा.

काका : मग बाकीच्या राज्यात का नाही केलं?

मृणाल : मतं जातात. आणि खरं सांगू? आपली मंडळी इथं घर घेताना पहिला प्रश्न काय विचारतात? स्वयंपाकघर केवढं, हा नव्हे. स्कूल डिस्ट्रिक्ट कुठलं आणि रेटिंग किती. चांगल्या शाळेच्या हद्दीत घर मिळावं म्हणून लाख डॉलर जास्त मोजणारा माणूस ती हद्द पुसायला हात वर करेल का? मराठी मंडळाच्या गणपतीत हा विषय काढून बघा, आरती लवकर उरकेल.

काका : (हसत) नको, मला प्रसाद हवाय. बरं, समज हद्द पुसली. सगळी मुलं एका शाळेत आली. मग झालं?

मृणाल : नाही. आणि या देशानं नेमकी इथंच सगळ्यात महाग चूक केली. दक्षिणेत विभक्त शाळा होत्या तेव्हा कृष्णवर्णीय शाळांना पुस्तकं फाटकी मिळायची, इमारती पडक्या. पण त्या शाळा लोकांच्या होत्या. १९१२ ते १९३२ या काळात रोझेनवाल्ड नावाच्या उद्योगपतीच्या मदतीनं जवळपास पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. त्याची अट अशी, की गावानंही वाटा उचलायचा.

काका : म्हणजे लोकवर्गणी.

मृणाल : हो, लोकवर्गणी. शेतमजुरांनी पैसे दिले, जमीन दिली, लाकूड तोडून दिलं. आणि शिक्षक चांगले होते. शिकलेल्या कृष्णवर्णीय माणसाला दुसरे व्यवसाय बंद, त्यामुळे हुशार माणसं शिक्षकी पेशात यायची. दक्षिणेतली राज्यं आपल्या विद्यापीठांत त्यांना घेत नसत. वर विद्यापीठ गोरंच राहावं म्हणून त्यांना उत्तरेत शिकायला फी द्यायची. त्यामुळे कितीतरी शिक्षक न्यूयॉर्कच्या कोलंबियातून एम.ए. होऊन आले.

काका : बाबासाहेबांचं कोलंबिया?

मृणाल : तेच. मग ब्राउनचा निकाल आला. मुलं एकत्र करायची, म्हणजे काय केलं? कृष्णवर्णीय शाळा बंद केली आणि मुलांना गोऱ्या शाळेत पाठवलं. शिक्षकांना नाही पाठवलं. आपल्या पोरांना काळी बाई शिकवणार, हे गोऱ्या शाळा मंडळांना चालणार नव्हतं. पुढच्या दहा-अकरा वर्षांत सतरा राज्यांत सुमारे ३८ हजार कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, असा अंदाज नेहमी दिला जातो. मुख्याध्यापक होते त्यांना साधं शिक्षक केलं, नाहीतर घरी बसवलं.

काका : मुख्याध्यापकाला खाली उतरवलं? गावासमोर?

मृणाल : गावासमोर. आणि ती तूट आजवर भरून आलेली नाही. सरकारी शाळांत कृष्णवर्णीय मुलं साधारण पंधरा टक्के, शिक्षक सहा-सात टक्के. पुरुष शिक्षक तर दोन टक्क्यांहून कमी.

काका : पण मृणाल, मी एक विचारतो. शिक्षक चांगला असला म्हणजे झालं. त्याचा वर्ण कशाला बघायचा?

मृणाल : हा प्रश्न मी तुम्हालाच उलट विचारणार होते. जोतिरावांनी हंटर आयोगाला काय लिहून दिलं होतं?

काका : १८८२ साली. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, वरच्या शिक्षणावरचा खर्च कमी करून खाली आणा... (थांबून) आणि शिक्षक. प्राथमिक शाळांतले मास्तर बहुतेक ब्राह्मण आहेत, ते शेतकऱ्यांच्या मुलांत मिसळत नाहीत. शक्यतो त्याच वर्गांतून शिक्षक तयार करा, त्यांना या मुलांच्या गरजा कळतील. अगं, हे मी डी.एड.च्या पोरांना वर्षानुवर्षं सांगितलंय.

मृणाल : आणि ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली होती ती कुणाला? गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेच्या लोकांना, १८७३ मध्ये. जोतिरावांनी मागितलं त्याचा हिशोब आता आकड्यांत झालाय. नॉर्थ कॅरोलिनातल्या मुलांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. तिसरी ते पाचवीत एक, फक्त एक कृष्णवर्णीय शिक्षक मिळाला, तर अगदी गरीब घरच्या कृष्णवर्णीय मुलग्यांचं शाळा सोडण्याचं प्रमाण जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी झालं. तो शिक्षक काही जादू करत नाही. पोरगं गप्प बसलंय ते मठ्ठ म्हणून नाही, घरी रात्रभर झोपलेलं नाही म्हणून, एवढं त्याला लवकर दिसतं. गोऱ्या किंवा आपल्यासारख्या तपकिरी शिक्षकालाही ते शिकता येतं. मला ते माझ्या शेजारच्या वर्गातल्या बाईंनी शिकवलं. पण त्यासाठी त्या बाई शाळेत असाव्या लागतात.

काका : आणि एका शाळेत आल्यावर तुकड्या? आमच्याकडे ‘अ’ तुकडीत कोण आणि ‘ड’ तुकडीत कोण, हे हजेरीपटावरची आडनावं वाचूनच कळायचं.

मृणाल : इथंही नावं वाचून कळतं. न्यू जर्सीतच मेपलवुड आणि साउथ ऑरेंज ही मिश्र वस्तीची, पुरोगामी म्हणून मिरवणारी गावं आहेत. शाळा एक, पण वरच्या पातळीच्या वर्गांत गोरी मुलं जास्त आणि खालच्या वर्गांत कृष्णवर्णीय. पालकांना त्यासाठी तक्रारी आणि दावे करावे लागले. एकाच इमारतीत दोन शाळा चालू राहू शकतात.

काका : तुकडी ठरवतं कोण?

मृणाल : मूळ तिथंच आहे. बहुतेक ठिकाणी शिक्षक नाव सुचवतात आणि पालक पाठपुरावा करतात. फ्लोरिडात ब्रॉवर्ड म्हणून मोठा जिल्हा आहे. तिथं २००५ च्या सुमारास एकच बदल केला. शिफारशीची वाट न बघता दुसरीतल्या प्रत्येक मुलाची चाचणी घेतली, चित्रांची, भाषेवर न अडणारी. हुशार मुलांच्या वर्गात गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिन मुलांची संख्या झपाट्यानं वाढली. मुलं तीच, बुद्धी तीच. आधी कुणी नाव सुचवत नव्हतं, एवढंच. मग मंदी आली, त्या चाचण्यांचा खर्च कापला आणि फरक पुन्हा पहिल्याइतका झाला.

काका : आणि शिक्षा? बाकी सगळं बाजूला ठेव, पोरगं शाळेत टिकतं की पळतं ते छडीवर ठरतं.

मृणाल : छडी इथं कमी, घरी पाठवणं जास्त. २०१७-१८ च्या सरकारी आकडेवारीत निलंबित होऊन घरी बसलेल्यांपैकी साधारण ३८ टक्के मुलं कृष्णवर्णीय होती. आणि हे बालवाडीपासून सुरू होतं. होय, चार वर्षांच्या मुलाला निलंबित करतात. येल विद्यापीठात २०१६ मध्ये एक प्रयोग झाला. शिक्षकांना मुलांचे व्हिडिओ दाखवले आणि सांगितलं, दंगा होतोय का बघा. दंगा कुठंच नव्हता. पण नजर टिपणाऱ्या यंत्रानं दाखवलं, की शिक्षकांचे डोळे सगळ्यात जास्त वेळ कृष्णवर्णीय मुलग्यावर होते.

काका : ज्याच्यावर नजर, त्याचीच खोडी सापडणार.

मृणाल : यावर हल्ली उपाय म्हणून मुलांना गोल बसवून बोलतं करतात. कुणाचं काय नुकसान झालं आणि ते कसं भरून काढायचं, ते त्यांनाच ठरवायला लावतात. ओकलंडमध्ये हे बरंच रुजलं. पण मी त्याची जाहिरात करणार नाही. पिट्सबर्गच्या शाळांत याची नीट पाहणी झाली. निलंबनं कमी झाली, मात्र सहावी ते आठवीच्या मुलांची परीक्षेतली कामगिरी घसरली. घरी पाठवणं बंद करायचं आणि पस्तीस मुलांच्या वर्गात शिक्षकाला एकटं सोडायचं, तर दुसरं काय होणार?

काका : मग तुझ्या हातात शाळा दिली, कोर्ट नाही, जादा पैसा नाही, तर काय करशील? मला भाषण नको, पहिल्या आठवड्याचं काम सांग.

मृणाल : निलंबनाचं रजिस्टर उघडीन. कुठल्या मुलाला किती वेळा घरी पाठवलं ते बघीनच, पण कुठल्या शिक्षकानं किती चिठ्ठ्या लिहिल्या ते आधी बघीन. बहुतेक शाळांत दोन-चार नावंच पुन्हा पुन्हा येतात. त्यांच्या वर्गात जाऊन बसेन. मग दुसरीच्या सगळ्या मुलांची चाचणी. इतिहासाचं पुस्तकही बघीन. २००२ पासून न्यू जर्सीत कृष्णवर्णीयांचा इतिहास अभ्यासक्रमात मिसळून शिकवायचा कायदा आहे. फेब्रुवारीत एक फलक लावला की कायदा पाळला, असं कितीतरी शाळा मानतात.

काका : आणि शिक्षक? ते कुठून आणशील?

मृणाल : साउथ कॅरोलिनात क्लेमसन विद्यापीठानं २००० मध्ये कृष्णवर्णीय तरुणांना प्राथमिक शिक्षक करण्याची योजना सुरू केली. फीमध्ये मदत आणि राहायला एकत्र. पण आणण्यापेक्षा टिकवणं अवघड आहे. आमच्या शाळेत एक तरुण शिक्षक होता. विज्ञान फार छान शिकवायचा. पण कुठल्याही वर्गात पोरगं उसळलं, की याला बोलावणं यायचं. तू सांग त्याला, तुझं ऐकतो. दुपारपर्यंत त्याचे स्वतःचे दोन तास बुडालेले असायचे. दोन वर्षांत गेला, आता औषध कंपनीत आहे.

काका : मुख्याध्यापकानं त्याला तिथंच थांबवायला हवं होतं. जा, तुझा वर्ग घे, हे पोरगं मी बघतो, म्हणून.

मृणाल : टेनेसी आणि मिझुरीतल्या अभ्यासांत हेच दिसलं. जिथं मुख्याध्यापक कृष्णवर्णीय, तिथं कृष्णवर्णीय शिक्षक जास्त नेमले जातात आणि जास्त टिकतात.

काका : म्हणजे १९५४ नंतर ज्यांना खाली उतरवलं, त्याच खुर्चीपाशी येऊन आपण थांबलो. बरं, या सगळ्यावर कोर्टात आता काही चालू आहे का?

मृणाल : आहे. २०१८ मध्ये, ब्राउनच्या निकालाच्याच तारखेला, म्हणजे १७ मे रोजी, न्यू जर्सी सरकारवर दावा लावला गेला. सहाशे हद्दींच्या या व्यवस्थेमुळेच मुलं वेगळी पडतात, असा. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी मान्य केलं, की अनेक जिल्ह्यांत वर्णानुसार असमतोल आहे आणि तो जुना आहे. पण सगळी राज्यव्यवस्थाच घटनाबाह्य आहे हे सिद्ध झालं नाही, असंही म्हणाले.

काका : आणि दावा लावणाऱ्यांनी तो जिंकला, हद्दी एक झाल्या, तर या एडिसनच्या घराची किंमत उतरेल?

मृणाल : थोडी उतरेल, कदाचित. माझं मत मी अहोंना सांगितलंय. त्यांचं अजून ठरायचंय.