करार, अमान आणि शत्रूच्या बाजूने उचललेले शस्त्र

माणगावातील आमच्या साप्ताहिक दर्समध्ये सूरह अन्फालचा अखेरचा भाग चालू होता. ७२ व्या आयतीचे विवेचन संपले, तेव्हा मागच्या रांगेतील एका महाविद्यालयीन तरुणाने विचारले, "मौलाना साहेब, एखादा नागरिक आपल्या देशाच्या शत्रूकडून लढला तर कायदा त्याला देशद्रोही म्हणतो. पण तोच माणूस 'मी दीनी भावांच्या मदतीला गेलो' असे म्हणत असेल, तर शरीयत त्याला काय म्हणते?" वडीलधाऱ्यांपैकी काहींना हा प्रश्न रुचला नाही. असे विषय मशिदीत काढू नयेत, असे एकाने हळूच सुचवलेही. आमचे मत उलट आहे. ज्या प्रश्नाला मशिदीत उत्तर मिळत नाही, त्याचे उत्तर तरुण दुसरीकडे शोधतो, आणि तिथे ते देणारा कोण असेल हे आपल्या हाती राहत नाही. म्हणून त्या दिवशी जे थोडक्यात सांगितले, ते येथे सविस्तर मांडत आहोत.

प्रश्नाचे उत्तर ज्या आयतीवरून तो निघाला तिच्यातच आहे. हिजरत न करता आपापल्या जागी राहिलेल्या श्रद्धावंतांविषयी ती आयत बोलते. त्यांनी दीनच्या बाबतीत मदत मागितली तर ती करणे तुमचे कर्तव्य आहे. परंतु ज्या लोकसमूहाशी तुमचा करार झालेला आहे, त्याच्याविरुद्ध ही मदत करता येणार नाही, असा तिचा आशय. मदत मागणारा ईमानधारक आहे, त्याची हाक खरी आहे, समोरचा पक्ष श्रद्धावंत नाही, तरीही करार आडवा येतो आणि अल्लाह त्या कराराला मान देण्यास सांगतो. 'उम्मतची हाक आली की सर्व बंधने गळून पडतात' असे शिकवणारे लोक या आयतीचा पूर्वार्ध तेवढा वाचतात.

हे केवळ तत्त्व म्हणून सांगितले गेले नाही, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते अत्यंत बिकट प्रसंगी आचरून दाखवले. बद्रच्या लढाईपूर्वी हजरत हुजैफा बिन यमान (रजि.) आणि त्यांचे वडील मदीनेकडे निघाले असता कुरैशांनी त्यांना अडवले आणि प्रेषितांच्या बाजूने लढणार नाही असे वचन घेऊनच सोडले. वचन शत्रूने, दडपणाखाली घेतलेले होते. बद्रमध्ये मुसलमान तीनशेच्या आसपास होते, समोर त्यांच्या तिप्पट सैन्य होते. एकेक माणूस मोलाचा होता. तरीही प्रेषितांनी त्या दोघांना परत पाठवले. आम्ही त्यांना दिलेले वचन पाळू आणि मदत अल्लाहकडे मागू, अशा आशयाचे त्यांचे उद्गार सहीह मुस्लिममध्ये आले आहेत. हुदैबियाच्या तहाच्या वेळी तर बेड्यांसह धडपडत आलेल्या हजरत अबू जंदल (रजि.) यांना तहाच्या शर्तीप्रमाणे मक्केवाल्यांच्या स्वाधीन करावे लागले. ते दृश्य सहाबांना किती असह्य झाले असेल, याची कल्पना करून पाहावी.

येथे वाचक विचारतील, की सातव्या शतकातील टोळ्यांचे तह आणि आजचे नागरिकत्व यांचा संबंध काय? आपण कुठे कोणत्या करारावर सही केली आहे?

याचे उत्तर देण्यासाठी आपल्या कोकणातील घरांकडे पाहू. माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन या भागांत ज्या मुस्लिम घरातून कोणी ना कोणी आखातात गेलेला नाही, असे घर विरळाच. पासपोर्ट, व्हिसा, कफील हे शब्द आपल्या आजींनाही पाठ आहेत. आपण कोकणी मुसलमान शाफई मसलकचे, आणि इमाम शाफई (रह.) यांनी अशा प्रवाशाविषयी स्पष्ट लिहून ठेवले आहे. मुसलमान एखाद्या परक्या, अगदी शत्रूच्या प्रदेशातही 'अमान' घेऊन, म्हणजे अभयवचन घेऊन शिरला, तर तेथील लोकांच्या जिवाला वा मालाला दगाफटका करणे त्याला हराम आहे. त्यांनी त्याला अभय दिले, त्याच क्षणी तेही त्याच्यापासून अभय पावले. आजचा व्हिसा हीच ती अमान. त्यावर आपण अटी वाचून सही करतो, वा न वाचता करतो. वचन दोन्ही वेळा पडते. मग जो परका म्हणून काही महिने राहतो तो वचनाने बांधला जात असेल, तर जो जन्मापासून एका देशाच्या संरक्षणात वाढला, ज्याने त्याचा पासपोर्ट खिशात घेऊन जग पाहिले, मतदान केले, न्यायालयात दाद मागितली, त्याचे बंधन हलके कसे असेल? नागरिकत्व हा आपण रोजच्या व्यवहारातून कबूल करत असलेला करार आहे, आणि सूरह माइदाची पहिलीच आयत श्रद्धावंतांना करार पूर्ण करण्याची आज्ञा देते.

आता आपल्याच राज्यातील घटना. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटासोबत बगदादला गेले आणि तेथून दिसेनासे झाले. ते इराकमध्ये स्वतःला 'इस्लामिक स्टेट' म्हणवणाऱ्या संघटनेत सामील झाल्याचे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे. त्यांपैकी एक जण नोव्हेंबर २०१४ मध्ये तुर्कस्तानमार्गे परतला आणि त्याला अटक झाली. आरोप सिद्ध होतात की नाही हे न्यायालय ठरवील. त्यावर आम्ही बोलणार नाही. परंतु आरोप कोणते ठेवले गेले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखेरीज भारतीय दंड विधानाचे कलम १२५ लावण्यात आले. भारताविरुद्ध युद्ध पुकारण्याचे कलम १२१ वेगळे. त्याला मृत्युदंड वा जन्मठेप आहे. कलम १२५ हे भारताशी मैत्री वा शांततेचे संबंध असलेल्या आशियाई सत्तेविरुद्ध युद्ध करण्याचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १५३ झाले असून, 'आशियाई सत्ता' जाऊन तेथे कोणतेही परराष्ट्र आले आहे. म्हणजे चहाच्या टपरीवर ज्याला सरसकट 'देशद्रोह' म्हटले जाते, त्यात कायदा स्वतःच भेद करतो. स्वदेशावर शस्त्र उगारणे वेगळे आणि स्वदेशाने ज्याच्याशी सलोखा राखला आहे त्याच्यावर उगारणे वेगळे; गुन्हा मात्र दोन्ही आहेत.

शरीयतच्या दृष्टीने पाहिले तर या प्रकरणात, आरोप खरे धरले तर, दोन वचने मोडली गेली. पहिले, ज्या देशाचे ते नागरिक होते त्याच्याशी असलेले. दुसरे वचन अनेकांच्या ध्यानात येत नाही. ते इराकमध्ये शिरले ते यात्रेकरू म्हणून, इराक सरकारने दिलेल्या प्रवेशपरवान्यावर. ती अमान होती. ती घेऊन त्याच सरकारच्या प्रजेवर आणि सैन्यावर शस्त्र उचलणे हे शाफई फिकहच्या अगदी प्राथमिक पाठानुसार 'गद्र' ठरते. त्यासाठी भारताच्या कायद्याचे एकही कलम उघडावे लागत नाही. प्रत्येक गद्दाराच्या नावाने कयामतच्या दिवशी एक निशाण उभारले जाईल, असा इशारा बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. (आपल्याकडे १८५७ च्या उठावालाही 'गदर' म्हटले गेले आणि १९१३ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या क्रांतिकारक पक्षाने तेच नाव अभिमानाने घेतले. तेथे शब्दाचा अर्थ बंड असा आहे. हदीसमधील गद्र म्हणजे विश्वासघात. दोहोंची गल्लत करू नये.)

यावर एक युक्तिवाद नेहमी पुढे येतो, तो हजरत अबू बसीर (रजि.) यांचा. हुदैबियानंतर ते मक्केहून निसटून मदीनेला आले. तहाप्रमाणे प्रेषितांनी त्यांना परत दिले. वाटेत ते सुटले आणि समुद्रकिनाऱ्याच्या बाजूला राहून कुरैशांच्या काफिल्यांवर हल्ले करू लागले. 'राज्याचा तह होता, तरी व्यक्ती लढलीच ना?' असे विचारले जाते. पण अबू बसीर (रजि.) मदीनेचे रहिवासी म्हणून लढत नव्हते, मदीनेने त्यांना ठेवूनच घेतले नव्हते. ज्यांनी त्यांना स्वतःला छळले, डांबून ठेवले, त्यांच्याशी ते झुंजत होते, आणि त्यांनी कुरैशांकडून कोणतीही अमान घेतली नव्हती. कल्याणच्या वा माणगावच्या मुलाला इराकमधील कोणी छळले होते? मदीनेत सुखरूप राहणारा कोणी सहाबी तह धाब्यावर बसवून अबू बसीर (रजि.) यांना जाऊन मिळाला असता, तर हा दाखला लागू पडला असता.

करार मोडायचाच असेल तर तो मोडण्याचीही रीत आहे. समोरच्याकडून दगाबाजीची भीती वाटली तर करार उघडपणे, बरोबरीने त्याच्यापुढे परत टाका, असे याच सूरहची ५८ वी आयत सांगते. अल्लाहला दगाबाज आवडत नाहीत. भारताच्या नागरिकत्व कायदा, १९५५ मध्येही नागरिकत्वाचा त्याग करण्याची तरतूद आहे, पण भारत युद्धात गुंतलेला असताना असा त्याग केंद्र सरकारच्या आदेशाशिवाय नोंदवला जात नाही. लढाई पेटल्यावर दार उघडून पलीकडे जाता येत नाही, हे दोन्हीकडे सारखेच.

दर्समध्ये दुसऱ्या एका श्रोत्याने आझाद हिंद सेनेचे नाव काढले. हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. जपानच्या साथीने लढलेले ते सैनिक कायद्याने ब्रिटिश प्रजा होते आणि त्यांनी राजनिष्ठेची शपथ घेतली होती. नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग ढिल्लन यांच्यावर याच कलम १२१ खाली खटला चालला. मुंबईचे नामवंत वकील भुलाभाई देसाई यांनी त्यांच्या वतीने मांडले, की गुलाम राष्ट्राला मुक्तीसाठी लढण्याचा हक्क आहे आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये स्थापन झालेल्या हंगामी सरकारने रीतसर युद्ध पुकारले होते. शिक्षा झाली ती जन्मठेप काळ्या पाण्याची. पण जानेवारी १९४६ च्या पहिल्याच आठवड्यात सरसेनापतींनी ती माफ केली. आपल्या कोकणातील सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले हे या सेनेतील वरिष्ठ अधिकारी; स्वातंत्र्यानंतर ते केंद्रात उपमंत्री झाले.

हे सैनिक गद्दार होते का? आमचे मत असे, की नव्हते. पण ते 'आपले' होते म्हणून नव्हे. करार दोन बाजूंचा असतो. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर ब्रिटिश अधिकाऱ्याने फेरर पार्कच्या मैदानावर हजारो हिंदी सैनिकांना जपानच्या हवाली केले. जे संरक्षण देतो तो निष्ठा मागू शकतो. संरक्षण काढून घेतल्यावर मागणे दुबळे होते. शिवाय त्यांच्या देशात त्यांना राज्यकर्ता बदलण्याचा अधिकारच नव्हता, आणि त्यांनी युद्ध लपूनछपून नव्हे तर जाहीर करून पुकारले. यांपैकी एकही गोष्ट कल्याणच्या प्रकरणाला लागू पडत नाही. मात्र ज्या युद्धकैद्यांनी घेतलेल्या शपथेखातर आझाद हिंद सेनेत जाण्यास नकार दिला आणि छावण्यांतील हाल सोसले, त्यांनाही आम्ही देशाचे वैरी म्हणणार नाही. स्वतंत्र भारतानेही या सेनेचा गौरव केला, पण तिच्या सैनिकांना पुन्हा आपल्या सैन्यात घेतले नाही. शपथेचा प्रश्न किती कठीण आहे, हे त्यावरून कळावे.

आणखी मागे जायचे तर आपला समुद्र साक्षीला आहे. १६७९ मध्ये खांदेरी बेटासाठी लढाई झाली, तेव्हा छत्रपती शिवाजी महाराजांच्या आरमाराचा प्रमुख दौलतखान होता आणि समोर इंग्रजांच्या जोडीला जंजिऱ्याचा सिद्दी होता. दोघेही मुसलमान. दौलतखानाने ज्याची चाकरी पत्करली त्याच्या मिठाला तो जागला.

शेवटी, जो चुकला त्याचे काय? मक्केवरील मोहिमेची बातमी पत्राने कुरैशांना कळवू पाहणारे हजरत हातिब बिन अबी बलतआ (रजि.) पकडले गेले, तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी त्यांची मान उडवण्याची परवानगी मागितली. प्रेषितांनी आधी हातिब यांना विचारले, की हे तू का केलेस? त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकले, आणि त्यांच्या बद्रमधील सहभागाची आठवण देऊन त्यांना सोडून दिले. इमाम शाफई (रह.) यांनी याच प्रसंगावरून निष्कर्ष काढला, की मुसलमानाने शत्रूला अशी खबर दिली तर तो मोठा अपराध आहे, पण त्यासाठी त्याचा जीव घेता येत नाही. प्रत्यक्ष लढणे हे पत्राहून कितीतरी गंभीर, हे खरे. पण आधी विचारायचे आणि मग ठरवायचे, हा क्रम तेथेही बदलत नाही. सूरह माइदाची ३४ वी आयत तर हाती लागण्यापूर्वी तौबा करणाऱ्यांना शिक्षेतून वगळते, जरी फकीहांच्या मते लोकांचे बुडवलेले हक्क त्याने माफ होत नाहीत. कल्याणचा जो तरुण परतला, त्याला मार्च २०२० मध्ये विशेष न्यायालयाने जामीन दिला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला. कारण होते खटल्यातील दिरंगाई. तोवर सहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेला होता.

त्या मुलांच्या कुटुंबीयांनी मुले गेल्याचे कळताच पोलिसांकडे धाव घेतली होती. 'बापाने मुलाची खबर द्यावी का?' असे प्रश्नकर्त्या तरुणाने जाता जाता विचारले. भाऊ जालिम असो वा मजलूम, त्याला मदत करा, असे प्रेषितांनी सांगितले, तेव्हा जालिमला मदत कशी करायची हे सहाबांनाही कळले नव्हते. त्याचा हात धरा, हीच त्याची मदत, असे उत्तर मिळाले. आम्ही त्या तरुणाला ही हदीस बुखारीत काढून दाखवली. त्याने ती वहीत उतरवून घेतली, आणि पुढच्या आठवड्यात सूरह तौबा सुरू करण्याचे ठरले.