दिलरुबा कसा वाजतो?

मी इयत्ता चौथीत शिकते. दिवाळीच्या सुट्टीत मी नांदेडला मामाकडे गेले होते. नांदेडला शिखांचा मोठा गुरुद्वारा आहे. गुरू गोविंदसिंगजी यांचे 1708 साली नांदेडलाच देहावसान झाले. मामाच्या शेजारी एक सरदारजी राहतात. ते दिलरुबा वाजवतात. त्याची माहिती मी लिहिते.

दिलरुबा हा फारसी शब्द आहे. त्याचा अर्थ मन चोरणारा. या वाद्याची मान सतारीसारखी व पोट सारंगीसारखे असते. पोटावर कातडे ताणलेले असते, आपल्या हलगीवर असते तसे. मानेवर धातूचे पडदे बांधलेले असतात. मी मोजले तर 19 भरले. मुख्य तारा 4 असतात. त्यांच्या खाली पुष्कळ बारीक तारा असतात, त्यांना तरफा म्हणतात. तरफांना गज लावत नाहीत. वरची तार वाजली की त्या आपोआप गुणगुणतात. मात्र त्या आधी सुरात लावाव्या लागतात.

ताऊस नावाचे वाद्य याच्याहून मोठे असते. त्याला मोराचे तोंड असते, कारण ताऊस म्हणजे मोर. सहावे गुरू हरगोविंदजी यांनी ते तयार केले, असे शीख लोक मानतात. गुरू ग्रंथसाहिबात 31 मुख्य राग आहेत. आपल्या नामदेव महाराजांची 61 पदे त्यात आहेत. ती रागात गातात.

मी विचारलं, "काका, तुम्ही पेटी का नाही वाजवत?" ते म्हणाले, "बेटा, पेटी एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारते. दिलरुबा गळ्यासारखा घसरत जातो." 2022 साली अकाल तख्ताच्या जथेदारांनीही सांगितले, की सुवर्णमंदिरात हळूहळू पेटीच्या जागी तंतुवाद्ये आणावीत.

दिलरुबा गजाने वाजवतात. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात. त्यांना राळ घासतात. राळेमुळे केस तारेला धरतात, ओढतात आणि सोडतात. असे भराभर होते म्हणून तार थरथरते.

आता माझी चूक सांगते. काका पाणी प्यायला आत गेले. मी भजी खात होते. मी गजाच्या केसांवरून बोट फिरवलं. काका आले, वाजवू लागले, तर गज मधेच घसरायला लागला. "कोणी हात लावला?" त्यांनी विचारलं. मी म्हणलं, "मी नाही." ते म्हणाले, "मग केस खराब झाले असतील, नवीन बसवावे लागतील." मला रडूच आलं. मी खरं सांगून टाकलं.

काका रागावले नाहीत. कोरड्या फडक्याने केस पुसले, पुन्हा राळ घासली. आवाज आला. मग म्हणाले, "तेलकट हाताने विहिरीचा दोर निसटतो ना? तसंच हे."

मुलांनो, दुसऱ्याच्या वाद्याला विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि लावलाच तर लगेच सांगावे.