खर्जाची तार : बेस गिटारसाठी तारांची निवड
(द्वितीय वर्ष कला)

वाद्यवृंद ऐकताना श्रोत्यांचे लक्ष आधी गायकाकडे जाते, मग बासरी-व्हायोलिनकडे. बेस गिटारकडे सहसा कोणी पाहत नाही. पण तिचा आवाज मध्येच थांबला, तर गाण्याच्या पायाखालची जमीन सरकल्यासारखे वाटते. हा खालचा आवाज गोल असावा की खणखणीत, रेंगाळणारा असावा की चटकन विरणारा, हे वाजवणाऱ्याच्या बोटांइतकेच तारेवरही अवलंबून असते.

गेल्या वर्षापासून मी महाविद्यालयाच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवतो. तारांच्या एका चांगल्या संचाच्या किमतीत माझी वर्षाची क्रमिक पुस्तके येतात. ज्या घरातून कॉलेजात येणारा मी पहिलाच, त्या घराला दर सहा महिन्यांनी नवा संच घेऊन पाहणे परवडणारे नाही. एकदाच घ्यायचा तर समजून घ्यावा, या हेतूने मी या विषयाचा अभ्यास केला. तो इतरांच्याही उपयोगी पडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम थोडे नादशास्त्र पाहू. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो : लांबी, ताण आणि वजन. फ्रान्समधील मारँ मेर्सेन या विद्वानाने १६३६ साली हे नियम ग्रंथरूपाने मांडले. तार लांब, सैल किंवा जड असेल तर स्वर खाली उतरतो. बेस गिटारच्या सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात, म्हणजे साध्या गिटारच्या खालच्या तारेच्या निम्मी. इतका खालचा स्वर काढायला तार जड हवी. तंबोऱ्याची खर्जाची तार जोडीच्या तारांपेक्षा जाड असते, त्याचे कारण हेच. पण नुसती जाड सळई लावली तर ती ताठ होते आणि तिचे उपस्वर बेसूर निघतात. म्हणून मध्ये पोलादाचा बारीक गाभा ठेवून त्यावर दुसरी तार गुंडाळतात. त्यामुळे वजन वाढते, पण लवचिकपणा टिकतो.

बेस गिटारच्या तारांचे प्रकार या गुंडाळीवरूनच पडतात. नादाच्या उच्चनीचतेप्रमाणेच त्याची ‘जात’ हाही एक गुण आहे, हे संगीताच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. मूळ स्वराबरोबर कोणते उपस्वर किती प्रमाणात उमटतात, यावर ही जात ठरते आणि गुंडाळी नेमके तेच प्रमाण बदलते.

पहिला प्रकार फ्लॅटवाउंड. यात चपटी पट्टी गुंडाळलेली असते. तार हाताला गुळगुळीत लागते, बोट सरकताना करकर होत नाही आणि वरचे उपस्वर कमी असल्याने आवाज गोल व दबका येतो. दुसरा प्रकार राउंडवाउंड. यात गोल तार गुंडाळतात, त्यामुळे पृष्ठभाग खडबडीत होतो. उपस्वर भरपूर, आवाज झणझणीत आणि दीर्घकाळ टिकणारा. तिसरा टेपवाउंड. यात धातूवर नायलॉनची पट्टी असते आणि आवाज उभ्या डबल बेसच्या जवळ जातो. या शिवाय राउंडवाउंड तार घासून अर्धी सपाट केलेला मधला प्रकारही मिळतो.

धातूचाही परिणाम होतो. स्टेनलेस स्टीलची गुंडाळी सर्वांत तेज, निकेलचा मुलामा दिलेले पोलाद त्याहून सौम्य आणि शुद्ध निकेल आणखी मऊ.

या तारांचा इतिहास म्हणजे आवाजाच्या आवडीचाच इतिहास आहे. लिओ फेंडर यांनी १९५१ साली अमेरिकेत ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली, तेव्हा तिच्यावर फ्लॅटवाउंड तारा असत. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीचे वादक जेम्स जेमर्सन (१९३६-१९८३) यांनी याच तारांवर आपले काम उभे केले. ते जाड फ्लॅटवाउंड तारा वापरीत, एकाच बोटाने छेडीत आणि तार तुटल्याखेरीज सहसा बदलीत नसत. असंख्य लोकप्रिय गाण्यांचा पाया या जुन्या, मुरलेल्या तारांनी घातला आहे. उलट इंग्लंडमध्ये ‘द हू’ या वृंदाच्या जॉन एन्टविसल यांना पियानोसारखा खणखणीत खर्ज हवा होता. १९६६ साली त्यांच्या सहकार्याने रोटोसाउंड कंपनीने बेससाठी राउंडवाउंड तारांचा संच तयार केला. पुढे जॅको पास्टोरियस यांनी तशाच तारा बिनपडद्याच्या बेसवर लावल्या. खडबडीत तारेने लाकूड झिजते, म्हणून त्यांनी पट्टीवर इपॉक्सीचा कठीण थर दिला होता. तिघेही थोर वादक, पण तिघांचा आवाज निराळा. तेव्हा ‘सर्वांत चांगली तार कोणती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या आवाजासाठी?’ असे पुढे विचारले पाहिजे.

आता जाडीविषयी. जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. ‘४५-१०५’ म्हणजे सर्वांत बारीक तार ४५ आणि सर्वांत जाड १०५. हा मध्यम संच झाला. ४०-१०० हलका, ५०-११० जड. वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून १०० ऐवजी १०५ ची तार घेतली, तर त्याच स्वराला सुमारे दहा टक्के अधिक ताण लागतो. मध्यम संचातील चार तारांचा एकूण ताण ८० किलोंच्या आसपास असतो. जाडी बदलली की दांडीचा बाकही बदलतो आणि आतली सळई जाणकाराकडून जुळवून घ्यावी लागते. जाड तारेचा आवाज भरीव, पण बोटांना कष्ट अधिक. खरेदीपूर्वी घोडीपासून वरच्या आडपट्टीपर्यंतचे अंतरही मोजावे. नेहमीच्या बेसवर ते ३४ इंच असते, लहान बेसवर ३० च्या आसपास. संच त्याच मापाचा हवा.

मग मी कोणती तार निवडावी? आमच्या वृंदात भावगीते आणि लोकगीते असतात, सोबत तबला-ढोलकी. अशा गाण्यांना गोल आवाज शोभतो, म्हणून मन फ्लॅटवाउंडकडे ओढले जाते. पण आमचा ध्वनिवर्धक लहान आहे. लहान कर्ण्यातून ४१ कंपनांचा स्वर नीट बाहेर पडत नाही. आपला कान वरच्या उपस्वरांवरून तो मूळ स्वर ओळखतो. ते उपस्वरच कमी असतील, तर बेस ढोलकीच्या घुमाऱ्यात हरवून जाते.

दुसराही एक विचार महत्त्वाचा वाटतो. तेज तार मऊ करता येते : दांडीच्या जवळ छेडावे, घोडीपाशी स्पंजचा तुकडा ठेवावा, वाद्यावरची टोनची कळ कमी करावी. मऊ तारेत नसलेले तेज मात्र कोणत्याही युक्तीने आणता येत नाही. म्हणून ज्याला एकच संच घेणे शक्य आहे आणि अनेक प्रकारची गाणी वाजवायची आहेत, त्याने निकेलचा मुलामा दिलेला मध्यम जाडीचा राउंडवाउंड संच घ्यावा. मीही तोच घेणार आहे. ज्याचा आवाज ठरलेला आहे, ध्वनिवर्धक मोठा आहे किंवा बेस बिनपडद्याची आहे, त्याने खुशाल फ्लॅटवाउंड घ्यावा. गुळगुळीत तारेत मळ साचायला खाचा नसल्याने ती वर्षानुवर्षे फारशी बदलत नाही, हा त्यातील मोठा फायदा.

राउंडवाउंड तार टिकवण्याचा उपाय साधा आहे. घाम आणि मळ वेढ्यांत शिरला की उपस्वर मरतात. म्हणून वाजवण्यापूर्वी हात धुवावेत आणि नंतर प्रत्येक तार कोरड्या फडक्याने पुसावी. फारच मंदावलेल्या तारा काढून काही मिनिटे पाण्यात उकळाव्यात आणि पूर्ण वाळवून पुन्हा चढवाव्यात. काही दिवसांपुरते तेज परत येते.

दुकानात महाग संच पाहून, आपली वाजवण्याची उणीव तारेच्या उणिवेतून आली आहे असे वाटू लागते. जेमर्सन यांच्या जुन्या तारा याला चोख उत्तर आहेत. आधी गाणे ऐकावे, सोबतची वाद्ये ऐकावीत, हवा तो आवाज कानात पक्का करावा आणि मग पैसे मोजावेत. ज्याचे पैसे थोडे, त्याने तर हा क्रम मुळीच उलटा करू नये.