नेतृत्व आणि क्षमा
(द्वितीय वर्ष, कला)

'क्षमा हे वीराचे भूषण आहे' हे वाक्य आपण शाळेच्या भिंतीवर वाचलेले असते. निबंधातही ते उपयोगी पडते. परंतु ज्याच्या शब्दावर हजारो माणसे चालतात त्या नेत्याने कोणाला क्षमा करावी, आणि मुख्य म्हणजे कोणाच्या वतीने करावी, हा प्रश्न त्या वाक्याने सुटत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासातील दोन उदाहरणांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

पहिले उदाहरण महात्मा गांधींचे. ट्रान्सवालमधील आशियाई लोकांवर नावनोंदणीची सक्ती करणारा कायदा १९०७ साली आला. गांधीजींनी त्याविरुद्ध लढा उभारला व जानेवारी १९०८ मध्ये ते तुरुंगात गेले. त्याच महिन्यात जनरल स्मट्स यांच्याशी समझोता झाला. भारतीयांनी स्वखुशीने नोंदणी करावी, मग सक्तीचा कायदा जाईल, असे गांधीजी त्यावरून समजले. काल 'बोटांचे ठसे देऊ नका' म्हणणारा पुढारी आज 'द्या' म्हणतो, याचा अनेकांना संताप आला. १० फेब्रुवारी रोजी गांधीजी जोहान्सबर्ग येथे नोंदणीसाठी निघाले असता मीर आलम नावाच्या पठाणाने व त्याच्या साथीदारांनी त्यांना बेशुद्ध होईपर्यंत मारले. मीर आलम हा त्यांचाच अशील होता.

शुद्धीवर आल्यावर गांधीजींनी दोन गोष्टी केल्या. हल्लेखोरांवर खटला भरू नये असे सरकारला कळविले, आणि स्वतःची नोंदणी अंथरुणावरूनच पुरी केली. माणसाला क्षमा केली, पण त्याच्या धाकाने निर्णय बदलला नाही. भररस्त्यातील मारहाण ही एकट्या गांधींची खाजगी बाब नव्हे, अशी तक्रार गोऱ्या रहिवाशांनी केल्यामुळे मीर आलमला तीन महिन्यांची सक्तमजुरी झालीच. पुढे स्मट्स यांनी कायदा रद्द केला नाही, तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी दोन हजारांहून अधिक नोंदणी-दाखल्यांची होळी झाली. त्या सभेत मीर आलमने आपली चूक कबूल केली आणि स्वतःचा दाखला जाळण्यासाठी दिला. गांधीजींनी त्याचा हात हातात घेतला. चळवळीला तिचा माणूस परत मिळाला.

येथे मार खाणारा आणि क्षमा करणारा एकच होता. पण मार दुसऱ्याने खाल्ला असेल तर?

हा पेच नेल्सन मंडेला यांच्यापुढे आला. १९६४ साली त्यांना जन्मठेप झाली. एकूण सत्तावीस वर्षे तुरुंगात काढून ते ११ फेब्रुवारी १९९० रोजी सुटले व १० मे १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष झाले. ज्या सरकारी वकिलाने त्यांना शिक्षा व्हावी म्हणून खटला चालविला होता, त्या पर्सी युटार यांना त्यांनी १९९५ साली जेवायला बोलावले. ही क्षमा त्यांच्या हक्काची होती. परंतु वर्णद्वेषी राजवटीत ज्यांची मुले पोलिसांनी मारली, त्या मातांच्या वतीने क्षमा करण्याचा हक्क मंडेलांना कोठून मिळणार? उलट, सर्वांवर खटले भरावेत तर सत्तांतर वाटाघाटींनी झालेले, आणि लष्कर व पोलीस दल बरेचसे जुन्याच लोकांचे!

यातून जो मार्ग निघाला तो म्हणजे १९९५ च्या कायद्याने स्थापन झालेला 'सत्य आणि समेट आयोग'. आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष होते. एप्रिल १९९६ पासून जाहीर सुनावण्या झाल्या. सुमारे २१ हजार पीडितांनी आपली हकिगत नोंदविली. माफी मागणाऱ्यासाठी अट अशी की, गुन्हा राजकीय हेतूने झालेला असावा आणि त्याने सर्व सत्य सांगावे. पश्चात्तापाची अट नव्हती. कायद्याने अश्रू मागितले नाहीत, सत्य मागितले. ७,११२ अर्ज आले, त्यांपैकी ८४९ जणांना माफी मिळाली.

या मार्गावर टीकाही झाली. १९७७ साली पोलीस कोठडीतील मारहाणीने मृत्यू पावलेले स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांनी या माफीच्या तरतुदीला न्यायालयात आव्हान दिले. १९९६ मध्ये ते फेटाळले गेले. बिको यांच्या मृत्यूशी संबंधित पोलिसांना मात्र १९९९ साली माफी नाकारण्यात आली. परंतु माफी नाकारलेल्यांपैकी फारच थोड्यांवर पुढे खटले झाले, आणि पीडितांना २००३ साली जाहीर झालेली मदत एकरकमी ३० हजार रँड, म्हणजे आयोगाच्या शिफारशीपेक्षा बरीच कमी होती. गुन्हेगाराची माफी लवकर आली, पीडिताची भरपाई उशिरा व अपुरी आली.

हा भाग वाचताना मला आमचे घर आठवले. आमच्या घरात 'क्षमा' हा शब्द कोणी वापरत नाही, 'जाऊ दे' हा वापरतात. मुकादमाने हिशेबात चार दिवस कमी धरले की वडील म्हणतात, "जाऊ दे." पंच मंडळीही आम्हालाच समजावतात, "झालं गेलं विसरा, गावात राहायचं आहे." मुकादमाला कोणी वही उघडायला सांगत नाही. वडिलांच्या 'जाऊ दे'ला क्षमा म्हणता येईल का? मला वाटते, नाही. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याचे गप्प बसणे म्हणजे क्षमा नव्हे. आणि त्याला गप्प बसविणारा तो पुढारीही नव्हे.

तेव्हा नेत्याच्या क्षमेला तीन कसोट्या लावाव्यात असे मला वाटते. स्वतःवरील अन्याय त्याने खुशाल माफ करावा, त्याने त्याचे मोठेपण वाढते. दुसऱ्यावरील अन्यायाच्या बाबतीत आधी वही उघडावी, सत्य चारचौघांत यावे. आणि ज्याचे नुकसान झाले त्याच्या पदरात काही पडल्याशिवाय समेट झाला असे जाहीर करू नये.

आपल्यापैकी उद्या कोणी सरपंच होईल, कोणी शिक्षक, कोणी साहेब. आपल्यासमोर दोन माणसे भांडण घेऊन येतील. त्यांतील दुबळ्याला "जाऊ दे" म्हणणे फार सोपे असते. ते म्हणण्यापूर्वी दुसऱ्याला "वही उघड" असे सांगण्याचे धैर्य आपल्यात यावे. शिक्षणाचा एवढा उपयोग झाला तरी पुष्कळ झाले.